डिपॉझिट जप्त झाले, म्हणून उमेदवारी संपत नाही

विधानसभेत डिपॉझिट जप्त झालेल्या उमेदवाराला पुढील सहा वर्षे निवडणूक लढवता येत नाही, असा संदेश दापोलीपासून सावंतवाडीपर्यंत अनेक वर्षे फिरत आहे. तो खरा नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ नुसार विधानसभेची अनामत १०,००० रुपये, तर अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी ५,००० रुपये आहे. पराभूत उमेदवाराला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते मिळाली नाहीत, तर ती सरकारजमा होते. तोटा तेवढाच. एखाद्या मतदारसंघात १,२०,००० वैध मते पडली, असे धरले तर २०,००० हून अधिक मते लागतील, आणि या हिशेबात ‘नोटा’ची मते धरत नाहीत.

गैरसमज होणे स्वाभाविक आहे, कारण सहा वर्षांची मुदत कायद्यात खरोखरच आहे. मात्र ती ठरावीक गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांसाठी असून सुटकेनंतर मोजली जाते. खर्चाचा हिशेब मुदतीत न दिल्यास तीन वर्षांची अपात्रता येऊ शकते, पण तिचाही मतांच्या संख्येशी संबंध नाही.

पडताळण्यासाठी त्याच कायद्यातील कलम १५८ वाचावे आणि आपल्या मतदारसंघाचे जुने अंतिम निकालपत्रक, म्हणजे नमुना २०, पाहावे.