हलके फ्लायव्हील : जुन्या स्पोर्ट्स गाडीसाठी निवड

हलके फ्लायव्हील म्हणजे क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टनांच्या वरखाली हालचालीने फिरणाऱ्या दांड्याच्या, मागच्या टोकाला बोल्टने आवळलेल्या जड चाकातला धातू उतरवून, किंवा ते चाकच हलक्या धातूचे बसवून, इंजिनाच्या फिरत्या भागांचे जडत्व कमी करणे. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दर अर्ध्या फेऱ्याला एक पॉवर स्ट्रोक, म्हणजे इंधन जळून पिस्टनला मिळणारा धक्का, येतो. दोन धक्क्यांच्या मध्ये, पिस्टन हवा दाबत असताना, क्रँकचा वेग पडतो आणि तेव्हा फ्लायव्हीलमध्ये साठलेली ऊर्जा कामी येते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागालाही टोकाशी एक जड चाक असते. फणी ठोका मारते तेव्हा माग अडखळू नये, हेच त्याचे काम. गाडीत या चाकाला आणखी दोन कामे आहेत : त्याच्या सपाट तोंडावर क्लच प्लेट घासते, आणि कडेला बसवलेल्या दातेरी रिंगला स्टार्टर पकडतो.

बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो ‘किती किलो काढायचे?’ खरा प्रश्न ‘कुठून काढायचे?’ हा आहे. जडत्व वजनाच्या पटीत वाढते, पण केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढते. मध्यापासून १२.५ सेंटिमीटरवरचे ३ किलो उतरवले तर सुमारे ०.०४७ किलोग्रॅम-चौरस मीटर इतके जडत्व जाते. तेच ३ किलो ६ सेंटिमीटरवरून काढले तर जेमतेम ०.०११. काट्यावर दोन्ही चाके सारखीच भरतील, गाडीला मात्र चौपटीहून अधिक फरक जाणवेल. वर मध्याजवळचा धातू क्रँकच्या बोल्टांना आधार देत असतो. तिथे भोके पाडून वजन घटवणारा कारागीर फायदा थोडा आणि धोका पुष्कळ पदरात टाकतो.

हा फायदा गिअरप्रमाणे बदलतो. फ्लायव्हीलचे जडत्व गाडीच्या वजनात मोजायचे तर त्याला गिअर आणि डिफरन्शियलच्या (मागच्या आसावरच्या गिअरांच्या) एकूण गुणोत्तराच्या वर्गाने गुणून गाडीच्या चाकाच्या त्रिज्येच्या वर्गाने भागतात. पहिला गिअर ३.५, डिफरन्शियल ४ आणि गाडीच्या चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर धरली, तर वरचे कडेचे ३ किलो पहिल्या गिअरमध्ये सुमारे १०० किलो ओझे उतरवल्यासारखे वाटतात. टॉप गिअर १ चा असेल तर तिथे हाच आकडा ८ किलोवर येतो. म्हणून सिग्नलवरून सुटताना गाडी उडी मारते, आणि पुणे महामार्गावर टॉपमध्ये ओव्हरटेक करताना पहिल्यासारखीच वाटते. इंजिनाची ताकद यात वाढत नाही. एका वेगाने तुळजापूरचा घाट चढणाऱ्या गाडीला जड काय आणि हलके काय, दोन्ही सारखेच. चालवणाऱ्याला जे आवडते ते निराळे : ॲक्सिलरेटर सोडला की आवर्तने झटकन उतरतात, दाबला की झटकन चढतात, आणि गिअर खाली टाकताना वेग जुळवणे सोपे जाते.

किंमत मोजावी लागते ती आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन मंद चालते तेव्हा. आवर्तनांतला चढउतार फ्लायव्हीलच्या जडत्वाच्या आणि वेगाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. क्रँक, फ्लायव्हील व क्लच मिळून एकूण जडत्व निम्मे केले, तर पूर्वीइतकेच सुरळीत आयडलिंग मिळायला वेग १.४ पट लागतो. मिनिटाला ७०० चे साधारण १००० होतात. त्यात ओव्हरलॅप जास्त असलेला, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे ठेवणारा, कॅम टाकलेला असेल तर दोन्हींचे दोष एकमेकांना फोडणी देतात. सोलापुरात याचा विचार आधी करावा. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, बॉनेटखाली कार्बोरेटर तापतो, मिश्रण बिघडते, आणि अशा वेळी इंजिनाला ओढून नेणारे जडत्वच काढून टाकलेले असते. गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत किंवा उसाच्या ट्रॅक्टरमागे हाफ क्लचवर रांगताना गाडी बंद पडू लागते. मग चालवणारा जास्त रेस करून क्लच सोडतो आणि क्लच प्लेट लवकर जळते.

धातूचे तीन पर्याय आहेत. मूळ फ्लायव्हील बहुधा बिडाचे (ओतीव लोखंडाचे) असते. ते लेथवर चढवले की लांब वळणदार कीस निघत नाही; काळी भुकटी पडते आणि त्यातल्या ग्रॅफाइटने टर्नरचे हात मनगटापर्यंत काळे होतात. हेच ग्रॅफाइट क्लचच्या घासण्याला चांगले आणि ताण सोसण्याला वाईट. बीड दाब सोसते, ओढ सोसत नाही. आणि फिरणाऱ्या चाकाच्या कडेला ओढच असते. १४ सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकाची कड मिनिटाला ७००० आवर्तनांना ताशी सुमारे ३७० किलोमीटर वेगाने धावते, आणि ५००० च्या तुलनेत धातूवरचा ताण जवळजवळ दुप्पट झालेला असतो. पन्नास-साठ वर्षे क्लचची उष्णता खाल्लेल्या चाकात बारीक तडे असू शकतात. चाक टांगून हातोडीने हलके वाजवावे. टणटणीत आवाज आला तर पुढे डाय (तडे दाखवणारा रंग) टाकून तपासणी करावी, बद्द वाजले तर ते भंगारात. फुटलेले फ्लायव्हील बेल हाऊसिंग (त्याच्याभोवतीचे आवरण) फोडून थेट पायांशी येते. म्हणून मूळ बीड तासायचे तर फक्त रस्त्यावरच्या, मूळ वेगमर्यादेत राहणाऱ्या इंजिनासाठी, आणि तेही बेताने.

ज्याला इंजिन खरेच वर न्यायचे आहे त्याने पोलादी फ्लायव्हील घ्यावे. ईएन८ किंवा ईएन२४ या दर्जाच्या घडीव पोलादातून यंत्रण केलेले चाक बिडापेक्षा पातळ करता येते आणि त्याची भीतीही कमी. ॲल्युमिनियमची घनता लोखंडाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतकी, त्यामुळे वजन सर्वांत कमी. पण क्लच थेट ॲल्युमिनियमवर घासू शकत नाही, म्हणून पोलादी चकती बोल्ट किंवा रिव्हेटने लावावी लागते. शर्यतीला ते शोभते. रोज बाजारात जाणाऱ्या गाडीला प्रस्तुत लेखकाच्या मते पोलादच बरे. अमेरिकेतल्या एसएफआय फाउंडेशन या शर्यतीच्या भागांची मानके ठरवणाऱ्या संस्थेचे १.१ हे मानक फ्लायव्हील व क्लचसाठी आहे. त्या शिक्क्याच्या चाकाला थोडे जास्त पैसे पडले तरी हरकत नाही.

सोलापुरात अस्सल ब्रिटिश वा इटालियन स्पोर्ट्स गाडी क्वचितच दिसते, पण तशा इंजिनांची भावंडे इथल्या गॅरेजांना अनोळखी नाहीत. अॅम्बॅसेडरचे १४८९ सीसी पेट्रोल इंजिन बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सिरीजचे. एमजीए आणि पुढे १७९८ सीसीची एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांची इंजिनेही त्याच घराण्यातली. मद्रासच्या स्टँडर्ड हेराल्डचे ९४८ सीसी इंजिन वाढवून ट्रायम्फ स्पिटफायरमध्ये गेले. पद्मिनीच्या १०८९ सीसी फियाट कुळातल्या इंजिनावर सिसिटालिया २०२ ही इटालियन स्पोर्ट्स गाडी धावली. पद्मिनी बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद यांचा जन्मही सोलापूरचाच, १८८२ चा. ओतकाम आणि कॅमशाफ्टचे कारखाने शहरालगत असल्याने धातूची जाण असलेले हात इथे आहेत. तरी नात्यावर विसंबून भाग घेऊ नये. बोल्टांची मांडणी, क्लचचा व्यास, रिंगचे दात आणि स्टार्टरचा प्रकार जुळायलाच हवेत. एमजीबीच्याच बाबतीत १९६४ मध्ये क्रँकची मेन बेअरिंग तीनवरून पाच झाली, आणि १९६७ नंतर स्टार्टरही बदलला.

बॅलन्सिंगला फाटा देऊ नये. मिनिटाला ६००० आवर्तनांवर जी ६.३ हा समतोलाचा दर्जा हवा असेल तर ६ किलोच्या चाकात १२ सेंटिमीटर त्रिज्येवर साधारण अर्धा ग्रॅम इतकाच असमतोल चालतो. आधी फ्लायव्हील एकटे, मग प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला दाबून धरणारी चकती) जोडून असे दोनदा करावे, आणि दोन्हींवर एकमेकांच्या जागेची खूण पंच करावी. काही अमेरिकन व्ही-८ इंजिनांत फ्लायव्हीलवर मुद्दाम जास्तीचे वजन असते. ते उतरवले तर इंजिनच थरथरू लागते. ट्रायम्फ टीआर६ सारख्या सहा सिलिंडरच्या लांब क्रँकला पिळाचे कंप येतात. अशा इंजिनात फ्लायव्हील फार हलके करण्याआधी क्रँकच्या पुढच्या टोकाचा डँपर (कंप शोषणारा भाग) शाबूत आहे का ते बघावे.

दातेरी रिंग तापवून बसवताना फार तापवली तर दातांचा कडकपणा जातो. दातांची चँफर केलेली (कडा उतरत्या तासलेली) बाजू स्टार्टरच्या पिनियनकडे (छोट्या दातेरी चाकाकडे) यावी. उलटी बसली तर दात लवकर झिजतात. क्लचचे तोंड तासले तर प्रेशर प्लेट बसायची जागाही तितकीच खाली घ्यावी, नाहीतर क्लचचा दाब कमी होऊन तो सरकू लागतो. आणि जुन्या मिनीसारख्या ज्या इंजिनांत टायमिंगच्या (ठिणगीची वेळ जुळवण्याच्या) खुणा फ्लायव्हीलवर असतात, तिथे नव्या चाकावर त्या खुणा आधी कोरून घ्याव्यात. इंजिन गाडीत चढल्यावर ते काम होत नाही.