वेग वाढवला, तर यान मंद कसं झालं?

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून सेकंदाला ७.७ किलोमीटर पळतं. भूस्थिर उपग्रह, म्हणजे जमिनीवरून आकाशात एकाच जागी दिसणारा, ३५,७८६ किलोमीटरवर, वेग ३.०७. चंद्र आणखी लांब, म्हणून जेमतेम १. अंतर वाढलं की पृथ्वीची ओढ कमी, वर्तुळात टिकायला लागणारा वेगही कमी. उपग्रह जड की हलका याचा संबंध नाही. आणि स्थानकात गुरुत्वाकर्षण नसतं, हे आता तरी बंद करा. तिथं ते जमिनीवरच्या जवळपास ९० टक्के आहे.

खरी गाडी अडते ती पुढे. चांद्रयान-३ च्या वेळी 'वेग वाढवून कक्षा उंचावली' अशा बातम्या यायच्या, आणि लोक खुशाल समजायचे की वर गेलेलं यान जास्त जोरात पळतंय.

इंजिन बंद होतानाचा वेग वेगळा, वर पोहोचल्यावर उरलेला वेगळा. वर फेकलेला चेंडू हातातून सुटतानाच सर्वांत जोरात असतो, तसंच हे. भूस्थिर कक्षेकडे निघालेल्या उपग्रहाचा वेग खालच्या कक्षेत ७.७ वरून १० च्या पुढे नेतात. तो लांबट कक्षेतून चढतो, गुरुत्वाकर्षण मागे ओढत राहतं, आणि वरच्या टोकाला हातात उरतात १.६. तेवढ्यावर तिथं टिकता येत नाही, परत खाली येणार. म्हणून तिथं पुन्हा इंजिन चालवून ३.०७ गाठायचे. दोन्ही वेळा वेग वाढवलाच, ब्रेक कुठेच नाही, तरी ७.७ चे ३.०७ झाले. मधलं सगळं चढणीनं खाल्लं.

हे भल्याभल्यांना नडलंय. जून १९६५ मध्ये जेमिनी ४ या अमेरिकी यानाच्या जेम्स मॅकडिविट या अंतराळवीरानं आपल्याच रॉकेटच्या सुट्या झालेल्या टप्प्याजवळ जायचं ठरवलं. टप्प्याकडे नाक करून इंजिन चालवलं, पण जवळ जाणं काही जमेना. इंधन मात्र भराभर उडालं, आणि नाद सोडावा लागला. पुढे असलेल्याला गाठायला त्याच्याच दिशेनं जोर लावला की आपली कक्षा उंचावते, फेरीला वेळ जास्त लागतो आणि आपण मागे पडतो. गाठायचं तर आधी खाली राहायचं. त्याच वर्षी डिसेंबरात जेमिनी ६-ए नं तेच केलं: खालच्या कक्षेतून जेमिनी ७ ला गाठलं आणि मगच वर चढलं. दोन यानांमध्ये शेवटी फूटभर अंतर उरलं होतं.