विद्यापीठाला काही द्यायचे आहे? मृत्युपत्रात नीट लिहा

"पोरांचं मार्गी लागलंय. थोडं युनिव्हर्सिटीला ठेवायचं म्हणतोय." आमच्या वकिली कार्यालयात येणारे ज्येष्ठ असे सहज बोलून जातात. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये पहिले बोर्डिंग काढले त्या कोल्हापुरात याचे नवल नाही. घोळ होतो तो कागदावर.

नावापासून सुरुवात करू. नुसते "युनिव्हर्सिटीला" किंवा "आमच्या कॉलेजला" लिहू नका. "शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर" असे पूर्ण लिहा. १९६२ मध्ये स्थापन झालेले हे विद्यापीठ स्वतःच्या नावाने मिळकत घेऊ शकते. तुमचे कॉलेज त्याला संलग्न असले तरी बहुधा वेगळ्याच संस्थेचे असते.

आता शेतजमीन. बहुतेकांच्या मनात उसाचेच रान असते आणि नेमके तिथेच अडते. १९४८ च्या कूळकायद्यानुसार शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकता किंवा बक्षीस देता येत नाही. मृत्युपत्राने तरी देता येईल, असा अनेकांचा समज असतो. गुजरातमधल्या एका प्रकरणात, याच कायद्याखाली, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ती वाटही बंद केली. म्हणून आम्ही सुचवतो: रान मुलांना, आणि ठेवी, शेअर्स किंवा गावातला फ्लॅट विद्यापीठाला. जमीन वडिलोपार्जित असेल तर तुमच्या हिश्श्यापुरतेच तुम्ही लिहू शकता, हेही ध्यानात असू द्या.

बँकेतला नॉमिनी मालक नसतो, तो वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारतो. तरीही ठेवीवर जावयाचे नाव आणि मृत्युपत्रात विद्यापीठाचे, असे ठेवले तर भांडणाला आमंत्रणच. दोन्ही जुळवून घ्या.

हेतू मोकळा ठेवा. दहा लाखांच्या ठेवीवर सात टक्के व्याज धरले तर वर्षाला सत्तर हजार येतात. त्यात एखाद-दोन शिष्यवृत्त्या बसतात, इमारत नाही. "अमुक विषयात पहिल्या येणाऱ्याला पदक" लिहिले आणि पुढे तो विषयच बंद झाला तर? "ते शक्य नसल्यास त्याच्या जवळच्या हेतूसाठी" एवढी ओळ घाला. देणगी स्वीकारायची की नाही हे व्यवस्थापन परिषद ठरवते, त्यामुळे अटी आधी विद्यापीठात दाखवून घेतलेल्या बऱ्या.

कर वाचवायला म्हणून हे करू नका. वारसा कर १९८५ मध्येच गेला. आयकरातली '८०जी'ची सवलत हयातीत दिलेल्या देणगीलाच मिळते, तीही जुन्या करप्रणालीत आणि दोन हजारांवरची रक्कम रोखीने दिली नसेल तरच.

मुस्लिम पक्षकारांना, वारसांची संमती नसेल तर, देणी भागवून उरलेल्या मिळकतीच्या एक तृतीयांशापर्यंतच देता येते.

दोन साक्षीदार लागतात. ते तुमच्यापेक्षा वयाने लहान आणि मिळकतीत काही न मिळणारे असावेत. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे केलेली बरी. मुद्रांक शुल्क लागत नाही.

येताना सातबारा, प्रॉपर्टी कार्ड आणि नॉमिनीच्या नावांसह ठेवींची यादी आणा. जुने मृत्युपत्र असेल तर तेही आणा. नोंदवलेले असले तरी हयातीत केव्हाही बदलता येते.