माटुंग्याची टाकी, देहूचे संडास

बायोगॅसचा इतिहास सांगताना एक वाक्य हमखास येतं: जगातलं पहिलं संयंत्र १८५९ साली मुंबईतल्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत उभं राहिलं. हे साल जुळत नाही. माटुंग्याचा तो आश्रम सुरू झाला तोच मुळी १८९० मध्ये, तेव्हाचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी आर्बथनॉट अॅक्वर्थ यांच्या पुढाकाराने. (शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासोबत मराठी पोवाडे गोळा करणारे अॅक्वर्थ ते हेच. वडाळ्याच्या कुष्ठरोग रुग्णालयाला आज त्यांचंच नाव आहे.) तिथल्या मैल्याच्या टाक्यांवर वायू धरण्याची सोय झाली ती १८९७ मध्ये, आणि पुढे त्या वायूवर इंजिनही चाललं. मला सालाच्या घोळापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या टाकीत शेण नव्हतं, माणसांचा मैला होता. हे आपण जवळजवळ विसरून गेलो.

तेव्हा मैल्याचं काय करायचं हा प्रश्न जगभरच्या शहरांना छळत होता. फ्रान्समध्ये लुई मुरास यांची हवाबंद टाकी १८८१ मध्ये गाजली. इंग्लंडमधल्या एक्सेटरला डोनाल्ड कॅमेरॉन यांनी १८९५ मध्ये सेप्टिक टँक बांधला आणि त्यातल्या वायूवर दिवे लावले. त्यानंतर दोनच वर्षांनी माटुंगा. मुंबई या बाबतीत जगाच्या मागे नव्हती. टाकीत हवा जाऊ द्यायची नाही, बाकीचं जंतू बघून घेतात, एवढीच तेव्हाची समज होती. दलदलीतून निघणारा वायू पेटतो हे अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १७७६ मध्येच दाखवलं होतं. तो तयार कोण करतं, हे कळायला मात्र फार वेळ लागला.

कारण हे काम एका जंतूचं नाही. काही जंतू पिष्ट, चरबी, प्रथिनं फोडतात, काही त्यांची आम्लं करतात, काही त्या आम्लांपासून अॅसिटेट आणि हायड्रोजन करतात आणि अगदी शेवटी मिथेन, म्हणजे तो पेटणारा वायू, करणारे येतात. हे शेवटचे फार सावकाश वाढतात. टाकीत एकदम जास्त माल टाकला की आम्लवाले पुढे पळतात, सामू (पीएच) साडेसहाच्या खाली जातो, म्हणजे टाकी आंबट होते, आणि मिथेनवाले बसतात. 'गॅस येतो, पण पेटत नाही' ही ज्यांच्या घरी संयंत्र आहे त्यांची नेहमीची तक्रार असते, ती बरेचदा यातूनच येते. मग काही दिवस भरणी थांबवायची, थोडा चुना घालायचा आणि चालू टाकीतली स्लरी, म्हणजे पातळ रबडी, विरजणासारखी लावायची.

या साखळीचा उलगडा झाला तो एका फसलेल्या समजुतीतून. अल्कोहोलपासून मिथेन करणारा एक जंतू १९४० पासून प्रयोगशाळांत वाढवला जात होता. तो एकच जीव आहे असंच सगळे धरून चालले होते. १९६७ मध्ये मार्विन ब्रायंट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ते दोन आहेत. एक अल्कोहोलपासून अॅसिटेट आणि हायड्रोजन करतो, दुसरा तो हायड्रोजन खाऊन मिथेन करतो. हायड्रोजन साचला तर पहिल्याचं काम बंद पडतं, म्हणजे दोघांपैकी एकटा कुणीच निभावत नाही. पुढे १९७७ मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी मिथेन करणारे जीव नेहमीच्या बॅक्टेरियांपासून मुळातच वेगळे आहेत, हे सिद्ध केलं.

दरम्यान आपल्याकडे शेण पुढे आलं होतं. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांचे प्रयोग १९३९ चे. जशभाई पटेल यांनी पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला गॅस साठेल तशी वर तरंगणाऱ्या लोखंडी टोपीचं संयंत्र तयार केलं आणि साठच्या दशकात खादी ग्रामोद्योग आयोगाने ते गावोगाव नेलं. ही टोपी गंजायची, म्हणून नंतर पक्क्या घुमटाची जनता आणि दीनबंधू ही संयंत्रं आली.

कारखान्यांच्या सांडपाण्याची गोष्ट निराळी. नेदरलँड्समध्ये गात्झे लेटिंगा यांनी सत्तरच्या दशकात अशी टाकी बसवली की पाणी खालून वर चढतं आणि जंतू दाणेदार गाळ होऊन तळाशीच राहतात. महिनाभराचं काम काही तासांवर आलं. कानपूरला जाजमऊमध्ये १९८९ मध्ये शहरी सांडपाण्यासाठी रोज ५० लाख लिटरचं असं केंद्र सुरू झालं. महाराष्ट्रात खरी कसोटी लागली साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना दहा ते पंधरा लिटर स्पेंट वॉश, म्हणजे उरलेलं सांडपाणी, निघतो, आणि त्यातली सेंद्रिय घाण इतकी दाट असते की हवा फुंकून ती संपवायची तर वीजबिलच परवडणार नाही. हवाबंद टाकीत त्यातला मोठा भाग गॅस होऊन बॉयलरला लागतो. गर्द तपकिरी रंग मात्र या जंतूंना हटत नाही, आणि तेच पाणी ओढ्यात सुटलं की गावं ओरडतात. संयंत्र बसवलं म्हणजे प्रदूषण मिटलं, असं जे सांगितलं जातं ते मला मान्य नाही.

माणसाने बनवलेली विषंही या जंतूंच्या आवाक्यात आहेत. ड्रायक्लीनिंगमध्ये वापरला जाणारा परक्लोरोएथिलीन हा द्रव भूजलात उतरला की वर्षानुवर्षं राहतो. त्यातले क्लोरीनचे चारही अणू काढून निरुपद्रवी इथिलीन करणारा डेहॅलोकोकॉइडिस हा जंतू १९९७ मध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी वेगळा केला. त्यालाही लागणारा हायड्रोजन निसर्गात शेजारचे जंतूच पुरवतात.

शेणाचा गॅस लोकांनी चुलीला लावला. मैल्याचा नाही. अडचण जंतूंची नव्हती, जातीची आणि किळसेची होती. तिच्याशी सरळ भिडले ते कोकणातले गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्या म्हणून त्यांनी उपोषण केलं, आणि त्यांना पाठिंबा म्हणून गांधीजींनी येरवड्यात अन्न सोडलं. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पांनी सोपे संडास, सोनखत आणि मैल्यावरच्या गॅसचे प्रयोग केले. मैला डोक्यावरून वाहणारा माणूस त्या कामातून सुटावा, यासाठी ही सगळी खटपट होती.

ते काम डॉ. सुहास मापुसकर यांनी देहूत नेलं. १९६० च्या सुमारास प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेल्या या तरुण डॉक्टरने उत्साहाने संडास बांधून घेतले, आणि पहिल्याच मोठ्या पावसात ते ढासळले. त्यांनी रचना बदलली, माणसं पुन्हा जमवली आणि अप्पांच्या आराखड्यावरून संडासाला जोडलेलं मलप्रभा संयंत्र विकसित केलं. मैल्यातल्या जंतांची अंडी चिवट असतात, त्यामुळे मैला टाकीत पुरेसा काळ मुरावा लागतो आणि रचना त्या हिशेबानेच करावी लागते. माणशी दिवसाला साधारण एक घनफूट गॅस मिळतो, म्हणजे एकट्या घराची चूल त्यावर भागत नाही. जिथे रोज पुष्कळ माणसं येतात तिथे हा हिशेब बसतो, आणि देहूसारख्या यात्रेच्या गावाला तो म्हणूनच लागू पडला. डॉ. मापुसकर २०१५ मध्ये गेले. त्यांना पद्मश्री जाहीर झाली २०१७ मध्ये.