अतिभार तत्त्व

व्यायाम प्रशिक्षणातील एक मूलभूत तत्त्व. स्नायूवर त्याच्या सवयीपेक्षा अधिक भार पडला आणि नंतर पुरेशी विश्रांती व आहार मिळाला, तर स्नायू त्या भाराशी जुळवून घेतो. मग तोच भार अपुरा पडू लागतो व टप्प्याटप्प्याने वाढवावा लागतो. भार म्हणजे केवळ उचललेले वजन नव्हे. आवर्तनांची संख्या, वेग, हालचालीचा पल्ला, दोन फेऱ्यांमधील (फेरी म्हणजे सलग केलेल्या आवर्तनांचा गट) विश्रांती, यांपैकी काहीही बदलून अतिभार साधता येतो.

उगम : या तत्त्वाचा उगम सांगताना क्रोटोनच्या मिलो या ग्रीक मल्लाकडे बोट दाखवण्याचा प्रघात आहे. तो इ. स. पू. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात होऊन गेला असावा. वासरू उचलण्याची सवय असल्याने त्याचा बैल झाल्यावरही मिलोला तो उचलता आला, ही कथा रोमन लेखक क्विंटिलियन याने इ. स. पहिल्या शतकात उल्लेखिली आहे. म्हणजे मिलोनंतर सुमारे सहा शतकांनी. त्यामुळे तिला पुरावा न मानता दृष्टांत मानणेच इष्ट. शिवाय वासराचे वजन थांबल्याविना वाढत जाते. स्नायूची ताकद मात्र सुरुवातीला झपाट्याने व पुढे मंदगतीने वाढते.

प्रायोगिक आधार बराच अलीकडचा आहे. मॉरपुर्गो या इटालियन संशोधकाने १८९७ मध्ये धावण्याचा सराव दिलेल्या कुत्र्यांचे स्नायू तपासले. तंतू जाड झालेले दिसले, संख्येने वाढलेले नाहीत. तत्त्वाला आजचे व्यवहार्य रूप दिले ते अमेरिकी लष्करी डॉक्टर टॉमस डिलॉर्म यांनी. दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांच्या दुबळ्या झालेल्या मांड्यांसाठी तेव्हा हलक्या वजनाची पुष्कळ आवर्तने देत असत. डिलॉर्म यांनी १९४५ मध्ये जड वजनाची मोजकी आवर्तने सुचवली. जे वजन जेमतेम दहा वेळा उचलता येते ते त्यांचे एकक होते. आरंभी ते सात ते दहा फेऱ्या करवून घेत. १९४८ मध्ये सहकारी वॉटकिन्स यांच्यासह त्यांनी त्या तीनवर आणल्या : पहिली त्या वजनाच्या निम्म्याने, दुसरी पाऊण व तिसरी पूर्ण वजनाने. ‘जड’ऐवजी ‘वर्धमान’ हे विशेषणही पुढे त्यांनीच स्वीकारले. तत्त्वाचे जनकत्व कोणा एकाला द्यायचे तर ते डिलॉर्म यांना देणे अधिक न्याय्य वाटते.

स्नायूचे कार्य : स्नायुतंतूतील ॲक्टिन व मायोसिन ही प्रथिनतंतुके स्वतः आखडत नाहीत, ती एकमेकांवरून सरकतात. हे १९५४ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी एकाच वेळी मांडले. बल लावताना स्नायू आखूड होऊ शकतो, त्याच लांबीचा राहू शकतो किंवा भार हळूहळू खाली सोडताना लांबही होऊ शकतो. जिना उतरताना मांडीचा पुढचा स्नायू बल लावत असतानाच लांबत असतो. दुसऱ्या दिवशीचे दुखणे मुख्यतः अशाच कामामुळे येते. ते साठलेल्या लॅक्टिक आम्लामुळे येते हा समज टिकणारा नाही. लॅक्टेट (या आम्लाचे शरीरातील रूप) तासा-दोन तासांत पूर्वपातळीवर येते, दुखणे मात्र एक ते तीन दिवसांनी शिगेला पोहोचते. ऊतींना सूक्ष्म इजा होत असावी, असे शरीरक्रियाशास्त्रज्ञ हफ यांनी १९०२ मध्येच सुचवले होते.

मेंदूकडून आलेला आदेश आधी लहान चालक एककांना (एक चेतापेशी व तिच्या ताब्यातील स्नायुतंतू मिळून एक एकक) जागवतो, मोठ्यांना बलाची गरज वाढल्यावरच (हेनमन यांचे आकारमान तत्त्व). त्यामुळे हलके वजन थकवा येण्याआधीच खाली ठेवले, तर मोठी एकके बहुतांशी निष्क्रिय राहतात.

अनुकूलन : पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद प्रामुख्याने चेतासंस्थेच्या सुधारणेतून येते, स्नायूचा घेर त्यामानाने उशिरा वाढतो. नवशिक्याने आरशात फरक दिसत नाही म्हणून व्यायाम सोडणे हे त्यामुळेच विशेष नुकसानीचे. तंतूंची संख्या वाढते काय, याविषयी मतभेद आहेत. पंखाला वजन बांधून ताणलेल्या पक्ष्यांच्या स्नायूंत ती वाढल्याचे आढळले. माणसात निर्णायक पुरावा नाही. येथे तंतू जाड होण्याचे मत ग्राह्य धरले आहे.

अनुकूलन विशिष्ट असते (धावण्याने दंड बळकट होत नाहीत) आणि सराव थांबल्यास ओसरते. वयाची आडकाठी मात्र समजली जाते तेवढी नाही. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शुश्रूषागृहातील सरासरी नव्वदीच्या व्यक्तींची मांडीची ताकद आठ आठवड्यांत दुपटीहून अधिक झाली. हा अभ्यासगट लहान होता. पण त्यांना दिलेला भार हलका नव्हता, एका वेळी उचलता येणाऱ्या कमाल वजनाच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंत तो नेला होता.