जुन्या इलेक्ट्रिक गिटारींचा संग्रह (कोकण किनारपट्टी)

जुन्या इलेक्ट्रिक गिटारींचा संग्रह : विसाव्या शतकाच्या मध्यात तयार झालेल्या इलेक्ट्रिक गिटारी व बेस गिटारी शोधून मिळवणे, त्यांचे साल व अस्सलपणा ठरवणे आणि त्या वाजत्या ठेवणे, असा हा छंद आहे. त्याची मोजमापे जगभर अमेरिकी कारखान्यांच्या इतिहासावरून ठरली आहेत. वसईपासून गोव्याच्या दक्षिण टोकापर्यंत मात्र त्या इतिहासाइतकेच महत्त्व पाऊस आणि खाऱ्या वाऱ्याला आहे. थंड देशांत पेटीत बंद करून ठेवलेली गिटार टिकते. इथे तीच पद्धत गिटारीच्या मुळावर येते. म्हणून या किनाऱ्यावर मिळवण्यापेक्षा राखण्याचे कौशल्य मोठे मानावे लागते.

इलेक्ट्रिक गिटार १९३२ मध्ये अमेरिकेत बाजारात आली ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या हवाईयन रूपात. रिकनबॅकरची ‘फ्राइंग पॅन’ म्हणून ओळखली जाणारी गिटार ती हीच. भारतातही व्हॅन शिपली, हजारा सिंग यांच्या चित्रगीतांच्या तबकड्यांमुळे गिटारीचा हाच प्रकार आधी घरोघर ऐकला गेला. जुन्या घराच्या माळ्यावर गिटार सापडली की ती हवाईयन तर नाही ना, हे प्रथम पाहावे. तिच्या तारा बोटाने दाबता येणार नाहीत इतक्या उंच बसवलेल्या असतात आणि अजाण माणूस ‘मान वाकली’ म्हणून ती भंगारात काढतो.

आज ज्यांना मागणी आहे त्या गिटारी मुख्यतः १९५० ते १९६५ या काळातल्या आहेत. लिओ फेंडर यांच्या कॅलिफोर्नियातील कारखान्याने १९५० मध्ये भरीव लाकडाची ब्रॉडकास्टर आणली. १९५१ मध्ये तिचे नाव टेलिकास्टर झाले आणि त्याच वर्षी प्रिसिजन बेस आला. १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर (‘स्ट्रॅट’) आणि १९६० मध्ये जॅझ बेस निघाला. मिशिगनमधील कॅलमझूच्या गिब्सन कारखान्याची लेस पॉल १९५२ची. सेथ लव्हर यांनी घडवलेले, विजेची गुणगुण मारणारे हंबकर पिकअप (पिकअप म्हणजे तारांचे कंपन विजेत उतरवणारा भाग) तिला १९५७ मध्ये मिळाले. १९५८ ते १९६० या काळातल्या सनबर्स्ट रंगाच्या लेस पॉल दीड हजाराच्या आसपास बनल्या. त्या काळी त्यांना फारसा उठाव नव्हता. आज संग्राहक त्यांच्यासाठी जमीन विकायला तयार होतील. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस कंपनीने फेंडर विकत घेतली आणि त्यापूर्वीच्या वाद्यांना ‘प्री-सीबीएस’ हे बिरुद चिकटले. नंतरच्या वाद्यांचा दर्जा उतरला हे खरे, पण एका रात्रीत नव्हे. कोठारातले जुने सुटे भाग पुढेही काही काळ वापरले जात होते, त्यामुळे १९६५ची उत्तम स्ट्रॅट आणि १९६४ची सुमार स्ट्रॅट दोन्ही संभवतात. प्रसिद्ध वादकांच्या गिटारींचा बाजार याहून वेगळा आहे. पिंक फ्लॉइड बँडचे गिटारवादक डेव्हिड गिल्मर यांची काळी स्ट्रॅट २०१९ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात सुमारे ३९.७५ लाख डॉलरला गेली; ती किंमत लाकूड-तारेची नसून हाताची होती.

कोकणात ही वाद्ये सरळ दुकानातून फारशी आली नाहीत. १९९१च्या उदारीकरणापूर्वी आयातीवर कडक निर्बंध होते. मुंबईत धोबीतलावला १८६५ पासून चालत आलेल्या फुर्टाडोजसारख्या पेढ्या होत्या, तरी परदेशी इलेक्ट्रिक गिटार सामान्य वादकाच्या आवाक्याबाहेरच राहिली. मग ती आली बोटीवर काम करणाऱ्यांच्या सामानातून, आखातातून सुट्टीवर आलेल्यांच्या हातून आणि १९७०च्या दशकात गोव्यात मुक्काम ठोकलेल्या हिप्पींकडून. हणजुण्याचा बाजार सुरू झाला तोच मुळी पैसे संपल्यावर चीजवस्तू विकणाऱ्या या पाहुण्यांमुळे. वाद्यांना गिऱ्हाईकही तयार होते. गोव्यात तियात्राचे बँड आणि लग्नाचे बँड, वसईत ख्रिस्ती लग्नसमारंभांचे बँड व चर्चमधले गायनवृंद, मुंबईत बीट ग्रूप आणि चित्रपटांचे वाद्यवृंद, ज्यांत गोमंतकीय वादकांचा भरणा असे. १९७० आणि १९७१च्या ‘सिमला बीट’ स्पर्धांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, त्यांवरून त्या पिढीच्या गिटारींचा नाद कसा होता ते कळते. या वाद्यांनी पोट भरले आहे. म्हणून ती क्वचितच जशीच्या तशी सापडतात.

साल ठरवण्याच्या खुणा बहुतेक गिटारीच्या पोटात असतात. फेंडरच्या मागील पत्र्यावरचा क्रमांक लोक आधी वाचतात, पण चार स्क्रू काढले की तो पत्रा दुसऱ्या गिटारीला बसतो, म्हणून त्याची साक्ष दुबळी. मानेच्या टाचेवर, म्हणजे धडाला जोडलेल्या टोकावर, पेन्सिलीने किंवा शिक्क्याने टाकलेली तारीख जास्त विश्वासाची. त्याहून उपयोगी पॉटवरचा, म्हणजे आवाज-स्वर कमीजास्त करणाऱ्या फिरत्या बटणाखालच्या भागावरचा, आकडा. ३०४६३४२ असा आकडा असेल तर ३०४ म्हणजे स्टॅकपोल कंपनी, ६३ म्हणजे १९६३ आणि ४२ म्हणजे त्या वर्षाचा बेचाळिसावा आठवडा. सीटीएस कंपनीचा क्रमांक १३७. यावरून कळते ते इतकेच की गिटार त्या आठवड्यापूर्वी जुळवली गेलेली नाही. पॉट मागाहून बदलला असेल तर तेही कळत नाही. म्हणून डाख (सोल्डर) पाहावा. मूळ डाख मळकट आणि न हललेला असतो, नवा चकाकतो. मात्र कोकणात चाळीस वर्षे रात्री-रात्री वाजलेल्या गिटारीत एकही डाख नवा नसेल, तर तिच्याकडेच संशयाने बघावे.

रंगाच्या बाबतीतही परदेशी पुस्तकी निकष इथे जसाच्या तसा लावता येत नाही. जुन्या नायट्रोसेल्युलोज लॅकरला थंडी-उन्हाच्या झटक्यांनी बारीक आडव्या चिरा पडतात आणि त्या चिरा वयाचा दाखला मानल्या जातात. किनाऱ्यावर तापमानाची चढउतार थोडी, त्यामुळे इथेच वाढलेल्या गिटारीवर चिरा तुरळक असू शकतात. तेवढ्यावरून ती पुन्हा रंगवलेली ठरवणे अन्याय आहे. मूळ रंग खरवडून नवा दिला की किंमत निम्म्यावर येते, हा संग्राहकांचा ढोबळ हिशेब आहे. सावंतवाडीच्या चितारआळीतला कारागीर कितीही तयारीचा असो, जुन्या लॅकरवर त्याचा हात फिरू देऊ नये. पावसाळ्यात तर मुळीच नाही, कारण दमट हवेत फवारलेले नायट्रो लॅकर वाळताना पांढुरके पडते.

खरी झीज धातूत होते. खाऱ्या हवेने निकेलचा मुलामा पुरळ आल्यासारखा फुटतो, ब्रिजचे, म्हणजे तारा धडावर जिथे टेकतात त्या भागाचे, पोलादी तुकडे आणि त्यांचे स्क्रू गंजून एकमेकांत बसतात, पॉट खरखरतात. हे सगळे बाहेरून दिसते आणि सुधारते. न दिसणारा धोका पिकअपमध्ये असतो. जुन्या फेंडर पिकअपमध्ये अल्निको चुंबकाच्या कांड्यांवरच, मधे फक्त लॅकरचा पातळ थर ठेवून, तार गुंडाळलेली असते. ही तार सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीची आणि तिचे वेढे हजारोंनी. चुंबकाला गंज चढला की तो सर्वांत आतल्या वेढ्याला खातो आणि पिकअप मुका होतो. म्हणून किनाऱ्यावर जुनी गिटार घ्यायला जाणाऱ्याने मल्टिमीटर बरोबर ठेवावा. स्ट्रॅटच्या पिकअपने साधारण साडेपाच ते साडेसहा किलोओहम दाखवावे. काटा हललाच नाही तर तार तुटली. असा पिकअप मोटारपंपाचे वाइंडिंग करणाऱ्याकडे देण्याचा मोह होतो. त्याचा हात जाड तारेला सरावलेला असतो आणि एकदा जुनी तार कापून टाकली की मूळ वाइंडिंग परत येत नाही. तुटलेले टोक भिंगाखाली शोधून जोडता येते का, हे आधी पाहावे.

पेटी हा दुसरा वैरी. तिच्या आतले मखमली अस्तर ओल धरते, बुरशी धरते. १९६०च्या आगेमागे सेल्युलॉइडची पिकगार्ड (धडावरच्या संरक्षक पट्ट्या) वापरली गेली. ती आकसतात, तडकतात आणि त्यांतून निघणाऱ्या आम्लधर्मी वाफा बंद पेटीत कोंडून पिकअप व स्क्रू खातात. जून ते सप्टेंबर गिटार पेटीबाहेर, हवा खेळती असलेल्या आतल्या खोलीत, भिंतीला न टेकवता ठेवावी. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या तरी त्या वरचेवर तापवून कोरड्या केल्या नाहीत तर निरुपयोगी. वाळवीची गोष्ट वेगळी सांगायला नको; महोगनी तिला वर्ज्य नाही. मानेचा बाकही ऋतूप्रमाणे बदलतो आणि जुन्या फेंडरमध्ये तो सावरणाऱ्या ट्रस रॉडचा (मानेतल्या धातूच्या सळीचा) नट मानेच्या टाचेत असल्यामुळे प्रत्येक वेळी मान सोडवावी लागते. पावसाळ्याआधी एकदा, दिवाळीनंतर एकदा असे वर्षानुवर्षे केले की स्क्रूंची भोके सैल होतात. लहानसहान बाकाकडे काणाडोळा करणे शहाणपणाचे. बेस गिटारीची मान लांब, प्रिसिजनची तारेची लांबी ३४ इंच, त्यामुळे तिच्यात हा त्रास अधिक जाणवतो. बेसच्या तारा महाग म्हणून त्या उकळत्या पाण्यात टाकून पुन्हा चढवणारे वादक सगळीकडे आहेत. तारा पूर्ण वाळवल्या नाहीत तर गंजाला आयतेच निमंत्रण.

वरील सगळ्याचा मथितार्थ वाजवणाऱ्यांना ठाऊकच असतो. रोज हातात असलेली गिटार पुसली जाते, तिचे पॉट फिरतात, तिला हवा लागते. तिचे फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) झिजतात आणि बदलावे लागतात, हे अमेरिकी दलालाच्या यादीत किंमत कमी करणारे खाते आहे. या किनाऱ्यावर मात्र फ्रेट बदललेली, वाजती गिटार ही सर्वांगाने ‘मूळ’ पण मुक्या गिटारीपेक्षा वरची धरावी. काढलेला प्रत्येक जुना भाग मात्र पुडीत बांधून जपावा.

अमेरिकी वाद्यांपलीकडे जपानी टीस्को, गुयाटोन आणि १९७०च्या दशकातली आयबानेझ ही नवख्या संग्राहकाला परवडणारी वाट आहे. आयबानेझच्या हेडस्टॉकच्या (मानेच्या वरच्या टोकाच्या) आकारावरून गिब्सनच्या मालक कंपनीने १९७७ मध्ये दावा लावला, त्यामुळे त्या काळच्या गिटारींना नाव आणि भाव दोन्ही मिळाले. कोलकात्याच्या गिवसन गिटारींकडे संग्राहक नाक मुरडतात. नाद बेताचा हे मान्य, पण आयातबंदीच्या काळात असंख्य हात त्यांवरच बसले. अमेरिकी व्हॉल्व्हचा अँप्लिफायर असेल तर तो आपल्या २३० व्होल्टवर थेट लावू नये, आधी ट्रान्स्फॉर्मर लागतो.

लाकडाच्या बाबतीत सह्याद्री या कथेत परत येतो. फेंडरने १९५९ पासून मानेवरच्या, बोटे दाबायच्या पट्टीसाठी ब्राझीलचा शिसव सर्रास वापरला. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याची जागा भारतीय शिसवाने, म्हणजे पश्चिम घाटात वाढणाऱ्या झाडाच्या लाकडाने, घेतली. ब्राझिली शिसव १९९२ पासून साइट्स या, दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, त्यामुळे तशा पट्टीची गिटार देशाबाहेर विकायची तर परवाना हवा. भारतीय शिसवाच्या तयार वाद्यांवर २०१७ मध्ये आलेले बंधन २०१९ अखेर उठले. पुरावशेषांच्या १९७२च्या कायद्याला वस्तू शंभर वर्षांची लागते, तेव्हा तो अडथळा इलेक्ट्रिक गिटारींना अजून नाही. सर्वांत जुन्या गिटारी त्या मर्यादेत २०३२च्या सुमारास येतील.