पावडरीनं गाठ वाढत नाही

‘प्रोटीन पावडर तालमीतल्या पैलवानांची, कॅन्सरच्या पेशंटला दिली तर गाठ वाढते,’ असं कोल्हापुरात अजून सांगतात. हे खरं नाही. प्रोटीन बंद केल्यानं गाठ उपाशी मरत नाही, माणसाचे स्नायू मात्र झडतात. उपचारांत वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १ ते १.५ ग्रॅम प्रोटीन लागतं. ५० किलोच्या बाईला ५० ते ७५ ग्रॅम. तोंड आलेलं असताना तांबडा रस्सा कुठला उतरणार? तेव्हा बिनचवीची पावडर कोमट पेजेत, वरणात ढवळा. उकळत्यात टाकली की गुठळ्या होतात. दुधानं पोट फुगत असेल तर व्हे आयसोलेट (दुधातली साखर जवळजवळ काढून टाकलेली पावडर) किंवा सोयाची घ्या. आणि गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध प्रोटीनसाठी म्हणून अजिबात नको: केमोनं जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी झाल्यावर कच्चं दूध धोक्याचं. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.